पोरांना पाणथळावर न्यायचंय? आधी हिप्परगा, मग उजनी

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या स्टाफरूममध्ये सहलीचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, यंदा भिगवणला नेऊ, फ्लेमिंगो बघायला. मी सोलापुरातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, आणि पोरांना पाणथळावर न्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. त्यामुळं नवीन शिक्षक, बीएडची पोरं, कॉलेजच्या नेचर क्लबवाले विचारत असतात की मॅडम कुठनं सुरू करायचं, काय काय न्यायचं, किती पोरं न्यायची. दरवेळी फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. पहिली सहल उजनीला, म्हणजे भिगवणच्या त्या धरणावर, नेऊ नका. पहिली सहल घराजवळच्या तलावावर न्या आणि पोरांना एका जागी दोन तास बसवा. फिरवू नका, बसवा. ज्या पोरानं टिबुकली (बुड्या मारणारा बारका पाणपक्षी) दोन तास बघितलीय त्याला उजनीवर नेलं तर तो वेडा होतो, आणि ज्यानं काहीच बघितलेलं नाही तो उजनीवर दहा मिनिटांत फोटो काढून गाडीत जाऊन बसतो. मी दोन्ही बघितलंय.

जागा कुठली

आपल्याकडं पाऊस कमी, त्यामुळं आपली पाणथळं बहुतेक माणसानं बांधलेलीच आहेत. सिद्धेश्वर तलाव सिद्धरामेश्वरांच्या काळातला मानतात, म्हणजे बाराव्या शतकातला. विजापूर रोडचा संभाजी तलाव, ज्याला जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात. होटगीचा तलाव आहे. अक्कलकोटकडं बोरी नदीवर कुरनूर धरण आहे. आणि तुळजापूर रोडला हिप्परगा, कागदोपत्री एकरुख, आदिला नदीवर इंग्रजांनी मातीचा बांध घालून १८७१ साली पूर्ण केलेला. दुष्काळी मुलखात पाणी साठवायला बांधलेल्या या जागा, पण पाणी आलं, गाळ आला, गाळात किडे आले, मासे आले आणि मग पक्षी आले. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर त्यांना वाटतं की जंगल म्हणजेच निसर्ग आणि आपल्या सोलापुरात तर काहीच नाही.

माझी शिफारस हिप्परग्याची. शहरापासून जवळ, पाणी पसरट, काठाला उथळ जागा आहेत. संभाजी तलावही चांगला आहे, शाळा त्या बाजूला असेल तर चालतसुद्धा जाता येतं, पण तिथं सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि चाळीस पोरं घेऊन बसायला निवांत कोपरा मिळवावा लागतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सोलापूरचं ऊन पोरांना सोसत नाही, आणि थंडीत आलेले पाहुणे पक्षीही मार्च-एप्रिलमध्ये परतायला लागतात. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, दोघेही पक्षी अभ्यासक. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे, इथंच जन्मले आणि २०२५ मध्ये इथंच गेले, हे पोरांना सांगितलं की त्यांचे कान टवकारतात. दुसरी चांगली तारीख २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिवस, १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळांचा करार झाला तो दिवस. फक्त संक्रांतीचा आठवडा टाळा, गड्डा यात्रेमुळं गावात गर्दी, गाडी मिळत नाही आणि निम्मी पोरं येतच नाहीत.

वेळ पहाटेची. सात वाजता काठावर पाहिजे म्हणजे पाहिजेच. एका वर्षी आम्ही ठरवलेली खाजगी बस दोन तास उशिरा आली, पोचायला साडेनऊ झाले, तोवर ऊन चढलेलं, पाण्यावर नुसती चमक, पक्षी सगळे लांब मध्यभागी जाऊन बसलेले काळे ठिपके. पोरं काही बोलली नाहीत पण त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून गाडीवाल्याला मी निघायच्या वेळेपेक्षा पाऊण तास आधीची वेळ सांगते, आणि आदल्या रात्री नऊला फोन करते. एसटीच्या डेपोत शैक्षणिक सहलीला सवलतीत गाडी मिळते, त्यासाठी शाळेच्या लेटरहेडवर अर्ज लागतो, तो पंधरा दिवस आधी देऊन ठेवा.

आधी स्वतः जाऊन या

ही पायरी लोक गाळतात आणि तिथंच सहल फसते. सहलीच्या आधीच्या रविवारी एकट्यानं किंवा सहकाऱ्याला घेऊन त्याच वेळेला जाऊन या. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, सूर्य. सकाळी सूर्य पाठीशी पाहिजे, म्हणजे तुम्ही पूर्वेच्या काठाला आणि तोंड पश्चिमेकडं. उलट्या बाजूला बसलात तर सगळे पक्षी काळेच दिसणार आणि पोरं सगळ्याला कावळा म्हणणार.

दुसरी, गाळ. काठाचा गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो पण खाली मऊ असतो. एका पोराचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता, आम्ही दोघींनी धरून ओढला, पाय आला पण सँडल आतच राहिलं. घाबरलं होतं बिचारं. आता मी काठी घेऊन जाते, काठी दाबून बघते आणि जिथपर्यंत जमीन घट्ट आहे तिथं चुन्याची रेघ मारून येते. रेघेच्या पलीकडं कुणी जायचं नाही, मीसुद्धा.

तिसरी, मुलींच्या टॉयलेटची सोय. पुरुष शिक्षक सहल ठरवतात तेव्हा हे नव्वद टक्के वेळा राहून जातं आणि मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग अकराला चक्कर येते. जवळची झेडपी शाळा, पेट्रोल पंप, कुणाची वस्ती, कुठंतरी बोलून ठेवा आणि निघायच्या आधी मुलींना स्पष्ट सांगा की सोय आहे, पाणी प्या.

चौथी, तिथली माणसं. काठावर जाळं टाकणारे असतात, म्हशी धुणारे असतात, शेतात मोटर चालू करायला आलेले असतात. त्यांच्याशी बोला. पोरं आणतेय म्हणून सांगा. धरणाच्या भिंतीवर जायचं असेल तर पाटबंधारे खात्याला पत्र द्यावं लागतं, पण खरं सांगू का, भिंतीवर जायची गरजच नसते.

वर्गातली तयारी

आदल्या आठवड्यात दोन तास घ्या. एका तासाला दुर्बीण शिकवा. चाळीस पोरांत चार दुर्बिणी पुरतात, आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची) सगळ्यात सोयीची, त्याच्यापेक्षा जास्त मोठं दाखवणारी पोरांच्या हातात हलते. मैदानात उभं करून लांबची पाटी वाचायला लावायची. युक्ती एकच, नजर वस्तूवर ठेवायची आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढं आणायची. पोरं आधी दुर्बीण लावतात आणि मग आभाळभर शोधत बसतात. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय दुर्बीण हातात द्यायची नाही.

दुसऱ्या तासाला मोजणी. घरनं मूठभर ज्वारी आणायची. काळ्या पाटीवर किंवा काळ्या कागदावर दाणे भुरभुरवायचे, दहा सेकंद दाखवायचे, वरून कागद झाकायचा आणि विचारायचं किती. पहिल्यांदा कुणी पन्नास म्हणतं कुणी पाचशे. मग शिकवायचं की दहा दाणे मोजा, दहा दाण्यांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यात धरा, तेवढे तुकडे पूर्ण पाटीवर किती बसतात ते बघा. चौथ्या-पाचव्या वेळेला निम्मा वर्ग बऱ्यापैकी जवळ येतो. पाणपक्ष्यांचे थवे मोजायची रीत अशीच असते, दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते तिथंही मोठे थवे असेच तुकडे पाडून मोजतात. आमच्या वर्गातली एक मुलगी, जी गणितात कधी हात वर करत नाही, तिचा अंदाज सलग तीनदा सगळ्यात जवळचा आला, आणि काठावर थवा मोजायचं काम मग तिलाच दिलं.

चित्रांचा तक्ता करून नावं पाठ करून घेऊ नका. पंधरा नावं बास. आणि मराठी नावंच द्या, ती इतकी चांगली आहेत की लगेच बसतात. काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा म्हणजे वारकरी, हे पंढरपूरच्या रस्त्यावर वाढलेल्या पोराला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. लांब लाल पाय म्हणजे शेकाट्या. चोच चमच्यासारखी तो चमचा. चोच थापीसारखी पसरट ते थापट्या बदक. पिवळ्या टोकाची चोच आणि तिच्या मुळाशी लाल ठिपके ते हळदी-कुंकू. मान सापासारखी पाण्याबाहेर काढून पोहतो तो तिरंदाज. काळापांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो तो कवड्या खंड्या. याशिवाय टिबुकली, ढोकरी, राखी बगळा, पाणकावळा, चित्रबलाक, नदी सुरय, धोबी, टिटवी. झाले पंधरा.

बरोबर काय न्यायचं

पोराकडं वही, पेन्सिल (पेन नको, ओल्या हातानं शाई पसरते), टोपी, पाण्याची बाटली, डबा. डब्यात धपाटे किंवा भाकरी-शेंगाचटणी सांगा, चिप्सची पाकिटं नको, ती वाजतात आणि वाऱ्यानं तलावात जातात. कपडे मातकट, खाकी, हिरवट. शाळेचा पांढरा शर्ट अजिबात नको, लांबून चमकतो. पायात बूट, चप्पल नाही. शिक्षकांकडं फर्स्ट एड, ओआरएस, शिट्टी, पालकांच्या संमतीपत्रांची फाईल, फोन नंबरांची यादी. दहा पोरांमागं एक मोठं माणूस, याच्यात तडजोड करू नका. एखाद्या पालकाला बरोबर घ्या, पालक येतात आणि बहुतेक वेळा पोरांपेक्षा जास्त रमतात. याशिवाय दोन-तीन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डिश, एक चहाची गाळणी आणि एक भिंग. कशाला ते पुढं सांगते.

काठावर गेल्यावर

गाडीतनं उतरायच्या आधी बोलून घ्यायचं, उतरल्यावर आवाज नाही. आठ-दहाचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला काठावर वीस-पंचवीस पावलांवर जागा द्यायची आणि बसवायचं. पहिली पंधरा मिनिटं काहीच लिहायचं नाही, नुसतं बघायचं. आपण आलो की जवळचे पक्षी उठतात, लांब जातात, आणि पंधरा-वीस मिनिटं शांत बसलं की हळूहळू परत येतात. हे परत येणं पोरांनी स्वतः बघितलं पाहिजे, कारण शांत बसा असं शंभरदा ओरडून जे होत नाही ते एक शेकाट्या दहा पावलांवर येऊन चिखलात चोच मारायला लागला की आपोआप होतं.

मग एकेका गटाला एक पक्षी वाटून द्यायचा. नाव, रंग हे सगळं नंतर, आधी तो काय करतोय ते. टिबुकलीचा गट माझा सगळ्यात आवडता. मुठीएवढा तपकिरी पक्षी, शेपूट नसल्यासारखंच, बुडतो आणि भलतीकडंच वर येतो. एका पोरानं स्टॉपवॉच धरायचं, एकानं लिहायचं, बाकीच्यांनी शोधायचं. "बुडाली!" "आली, आली, त्या पाणकणसाजवळ!" "किती?" "सतरा." पुढची एकवीस. पुढची नऊ, आणि नऊ का तर चोचीत मासा होता. एक पोरगा मला कुजबुजत म्हणाला, "ओ मॅडम, लवकर आली म्हणजे गावलं, उशिरा आली म्हणजे नाही गावलं, असं असेल का?" मी म्हटलं, बघ की, मोज. त्यानं तासभर तेच मोजलं. उत्तर पक्कं आलं नाही, कारण कधी कधी ती मासा खालीच गिळून वर येते आणि आपल्याला कळत नाही, पण हे आपल्याला कळत नाही हेही त्याचं त्यालाच सुचलं. विज्ञानाच्या तासाला मी वर्षभर जे शिकवायला बघते ते तिथं काठावर झालं.

वारकऱ्यांच्या गटाला उड्डाण बघायला सांगा. वारकरी उडायला लागला की आधी पाण्यावरनं पळतो, धपधप पाय आपटत बराच लांब, मग उचलतो. पायाच्या बोटांना पाकळ्यांसारखे पडदे असतात.

ऊन चढलं, पक्षी सुस्तावले की डिश काढायच्या. रेघेच्या अलीकडंच जिथं उथळ पाणी आणि शेवाळ आहे तिथं मोठ्या माणसानं गाळणी फिरवायची, पोरांनी नाही, आणि पांढऱ्या डिशमध्ये थोडं तलावाचंच पाणी घेऊन त्यात उलटी करायची. आधी नुसता चिखल दिसतो. मिनिटभर हलवायचं नाही. मग चिखल चालायला लागतो. बारक्या गोगलगाई, लाल धाग्यासारख्या अळ्या, आणि नशीब असलं तर चतुराची अळी, मातकट, सहा पायांची, कुरूप म्हणावी अशी. हीच पुढं पंख फुटून चतुर होते आणि पाण्यावर भिरभिरते. भिंगाखाली बघा, तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तो हातासारखा पुढं फेकते आणि पकडते. आणि पुढं जायचं असलं की मागनं पाणी पिचकारीसारखं सोडून एकदम सरकते. आमच्या डिशमध्ये तिनं ते केलं तेव्हा सहा डोकी एकमेकांवर आपटली. दहा मिनिटांत सगळं परत जिथनं घेतलं तिथंच सोडायचं, बाटलीत घालून घरी न्यायला द्यायचं नाही, कितीही मागं लागले तरी. हात साबणानं धुवायचे, मगच डबा.

काठावर साप दिसला तर तो बहुतेक दिवड असतो, पाण्यातला, बिनविषारी, पण चिडला तर कडकडून चावतो. ओळख पटवायला जाऊ नका, सगळ्यांनी दोन पावलं मागं आणि त्याला जाऊ द्यायचं. झाडावर किंवा कड्याला आग्यामोहोळ लटकलेलं असेल तर ती जागाच सोडायची.

पक्ष्यांना पाव, फुटाणे टाकू द्यायचे नाहीत. मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही.

आता उजनी

हिप्परगा एकदा झाला, दोनदा झाला, की मग न्या. उजनीचं गणित पाण्याच्या पातळीवर चालतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, पूर्ण भरलं की सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली राहणारं, नेहमीसारखं सोडता न येणारं पाणी. पेपरात आपण वाचतो ना उजनी मायनसमध्ये गेली, ती या मृतसाठ्यात गेली म्हणून. शेतकऱ्याला त्याची काळजी वाटते आणि ती खरीच आहे, पण पक्ष्यांचं कोष्टक वेगळं. धरण काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा उथळ जागाच उरत नाही, पाण्यात उभं राहून खाणाऱ्यांची पंचाईत होते. हिवाळ्यात आवर्तनं सुटतात, म्हणजे शेतीला पाण्याच्या पाळ्या सोडतात, पाणी मागं सरतं, गाळाचे पट्टे उघडे पडतात, तसे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काठाजवळ यायला लागतात. त्यामुळं पाऊस भरपूर झालेल्या वर्षी नोव्हेंबरात जाऊन रोहित दिसले नाहीत तर निराश होऊ नका, जानेवारीअखेर-फेब्रुवारी धरा. जायच्या आधी तिथल्या नावाड्याला फोन करून पाणी कुठवर आहे तेवढं विचारा.

भिगवण, कुंभारगाव ही पुणे जिल्ह्यातली बाजू, सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात करमाळा तालुक्यात केत्तूर, वाशिंबेकडंही बॅकवॉटर (धरणाचं मागं पसरलेलं पाणी) आहे आणि तिथं गर्दी कमी. एका दिवसात करायचं असेल तर पहाटे चारला पोरांना उठवून नेण्यापेक्षा दुपारचं सत्र करा, नऊला निघा, जेवा, तीन ते सहा काठावर बसा, आणि घरी पोचायला रात्र होते हे पालकांना लेखी कळवा. मुक्काम जमला तर उत्तमच. रविवार टाळा, पुण्याची गर्दी असते.

होडीत बसायच्या आधी दोन गोष्टी. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, नाहीतर होडी नाही. काठ दिसतोय, पाणी उथळ आहे असं कुणी म्हणालं तरी नाही. आणि नावाड्याला बसायच्या आधीच सांगायचं, "मामा, थव्याजवळ नेऊ नका, लांबच थांबवा, पैसे तेवढेच देतो." ते जवळ नेतात कारण गिऱ्हाईक फोटोसाठी मागं लागतं. रोहिताला उडायला पाण्यावर लांबपर्यंत पळावं लागतं, दिवसातनं दहा होड्यांनी दहादा उठवलं तर त्यानं खायचं कधी. लांबनं बघितलं तर उलट जास्त दिसतं. मान खाली, चोच उलटी करून पाण्यात, आणि चिखलातलं बारीक जीव-शेवाळ गाळून घेत हळूहळू पुढं सरकणं. तो गुलाबी रंगही त्या खाण्यातनंच येतो.

पट्टकादंब दिसला तर थांबून बघा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसासारखा पक्षी, मध्य आशियातनं हिमालय ओलांडून येतो आणि आपल्या करमाळ्याच्या रानात हरभऱ्याशेजारी चरतो. चक्रवाक जोडीजोडीनं असतात, नारिंगी रंगाचे.

आणि एक, उजनीला नेलं की पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दलही बोला. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर दिसतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीचं माहेर या पाण्यात गेलंय, ते तिला होडीत बसल्यावर आठवलं आणि तिनं सगळ्यांना सांगितलं, त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आल्यावर

सोमवारीच वह्या घ्या, पुढं ढकललं की गेलं. सुंदर हस्ताक्षरातला अहवाल नको, काठावर लिहिलेलं चिखलाचं पानच पाहिजे. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकत्र करा, तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. ती यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर टाका, फुकट आहे, शाळेच्या नावानं खातं काढता येतं, आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी गेलात की तुलना करता येते. आमच्याकडं एका भिंतीवर दरवर्षीचा कागद लावलेला असतो आणि नववीची पोरं आठवीच्या पोरांचे आकडे तपासायला येतात, भांडणंही होतात.

यादीची एक प्रिंट काढून काठावरच्या माणसाला नेऊन द्या. हिप्परग्याला जाळं टाकणाऱ्या एका मामांना मी अशी दिली होती. त्यांनी पोराकडनं वाचून घेतली, आणि म्हणाले यात तीन पक्षी कमी आहेत, ते दुपारी येतात, त्या बाभळीकडं. तिघांची त्यांच्याकडची नावं त्यांनी सांगितली, ती मी वहीत घेतलीत. या फेब्रुवारीत एक गट दुपारचा ठेवणार आहे, बाभळीकडच्या काठाला.